ट्रंकेतले दोन कागद

मेथी-कोथिंबीर घेऊन आम्ही पहाटेच पुण्याच्या मार्केट यार्डात पोचतो. परवा आडत्याकडून पट्टी घेतली, पैसे मोजले, तेवढ्यात आमच्यातल्या एकीने पिशवीतून दोन कागद काढले. लातूरकडच्या तिच्या आईच्या ट्रंकेत सापडलेले. "एक निजामाची नोट, दुसरी आमच्या तालुक्याच्या बँकेची. फोनवरचा माणूस लाख देतो म्हणतो, पण आधी दोन हजार फी भरा म्हणतो."

पहिली नोट खरी असू शकते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम सरकार १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढत असे. छंद असणारे त्या घेतात, पण भाव नोट किती दुर्मिळ नि किती धड आहे यावर. घडी पडलेली, फाटकी असेल तर फार कमी.

तालुक्याच्या बँकेची नोट मात्र असूच शकत नाही. अमेरिकेत गावोगावच्या बँका १९३५ पर्यंत आपल्या नावाच्या नोटा काढत, लोक त्या आजही जमवतात. आपल्याकडे बँकांचा तो हक्क १८६१ च्या कायद्याने गेला.

मग तो कागद काय? नीट वाचला, तर ठेवपावती निघाली! दहा वर्षे न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारसाला ती मागता येते. पावती, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन त्याच बँकेत जायचे.

आणि तो फोन? जुन्या नोटांसाठी आपण कुणाकडून फी घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितले आहे. तिने दोन हजार भरले नव्हते. सोमवारी आम्ही दोघीतिघी तिच्याबरोबर बँकेत जाणार आहोत.