कॉर्बुझिएच्या गावात पिएरचं घर

चंदीगडला निघालेल्या मराठी कुटुंबाचा बेत बहुधा ठरलेला असतो. सकाळी रॉक गार्डन, दुपारी रोझ गार्डन, संध्याकाळी सुखना तलावावर फेरफटका आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच सिमल्याची गाडी. घरात कुणी आर्किटेक्ट असेलच, तर कॅपिटॉल कॉम्प्लेक्सची भर पडते. मी मात्र या शहराच्या नादी लागलो तो तिथल्या सरकारी क्वार्टर्समुळे. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

इतिहास आधी उरकून घेऊ. फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही. कारभार सिमल्याहून हाकावा लागला. नव्या शहराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजकाचा. त्याचा तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेला. मग पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे पंजाबचे दोन अधिकारी युरोपात गेले आणि त्यांनी पॅरिसमधल्या ल कॉर्बुझिए या नामांकित आर्किटेक्टला गाठलं. त्यानं १९५१च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत मेयरचे वळणदार रस्ते सरळ केले आणि साधारण १२०० बाय ८०० मीटरच्या सेक्टरांची चौकट आखली. १९६६ साली हरियाणा वेगळा झाला. तेव्हापासून हे शहर दोन राज्यांची राजधानी आहे आणि स्वतः केंद्रशासित.

कॉर्बुझिएनं आखलेला सरकारी इमारतींचा कॅपिटॉल कॉम्प्लेक्स पाहायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. हायकोर्टाचे रंगवलेले तीन प्रचंड खांब, अडीचशे मीटरहून लांब सचिवालय, वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरसारखा वर निघालेला विधानसभेचा गाभा, सगळं छाती दडपून टाकणारं. युनेस्कोनं २०१६ साली त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. पण मे महिन्यात भर दुपारी हायकोर्टापासून विधानसभेपर्यंतचं ते उघडंबोडकं काँक्रीटचं पटांगण पायी पार करून पाहा. हा माणूस थोर शिल्पकार होता, पण उन्हात चालणाऱ्याचा विचार त्यानं फारसा केलेला नाही, असं माझं मत तिथंच पक्कं झालं. गव्हर्नरचा महाल त्यानं काढला होता. तो नेहरूंना लोकशाहीला शोभणारा वाटला नाही, म्हणून बांधलाच गेला नाही. ‘उघडा पंजा’ हे त्याचं आवडतं शिल्प त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभं राहिलं. वाऱ्याबरोबर ते फिरतं.

कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचा आणि परत जायचा. राहिला तो पिएर जानरे.

पिएर त्याच्या भावकीतलाच, नऊ वर्षांनी धाकटा. (कॉर्बुझिएचं खरं आडनावही जानरेच.) १९२२ पासून दोघांनी पॅरिसमध्ये एकत्र काम केलं. १९४० मध्ये वाटा फुटल्या. कॉर्बुझिए फ्रान्सच्या नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारकडे कामं मागत फिरला आणि पिएर नाझींविरुद्धच्या चळवळीत गेला. एवढं झाल्यावरही चंदीगडसाठी दोघे पुन्हा एकत्र आले, याचं मला अजून नवल वाटतं. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज आर्किटेक्ट जोडपंही चंदीगडला आलं, पण तीन वर्षं राहून परतलं. पिएर १९६५ पर्यंत इथंच होता. शहराचा मुख्य आर्किटेक्ट म्हणून त्यानं काम पाहिलं, गांधी भवन बांधलं, आर्किटेक्चर कॉलेजात शिकवलं.

आता पिएर, फ्राय आणि ड्रू यांनी आखलेली क्वार्टर्स. मंत्र्यांपासून शिपायापर्यंत घरांचे तेरा वर्ग पाडलेले होते. ही उतरंड मला खटकते. नव्या देशाच्या नव्या शहरात पगारावर वस्ती ठरावी हे काही भूषण नव्हे. पण त्या उतरंडीच्या तळाशी असलेल्या घराकडे बघा. शिपायालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, स्वतःचं न्हाणीघर, संडास आणि मागं अंगण. १९५० च्या दशकात आपल्या मुंबईत किती कामगारांच्या नशिबी स्वतःचा संडास होता, हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको.

सिमेंट आणि लोखंड महाग, वीट मात्र जवळच भाजलेली आणि स्वस्त. म्हणून ही घरं विटांची. भिंती सामायिक, खिडक्या बेताच्या, उन्हाच्या बाजूला खोल छज्जे. जिन्याला आणि अंगणाला विटांची जाळी: एक वीट ठेवायची, एक जागा मोकळी सोडायची. गवंड्याला शिकवायलाही लागत नाही आणि वारा खेळता राहतो. उन्हाळ्यात लोक खाटा घेऊन अंगणात नाहीतर गच्चीवर झोपायचे, त्याचीही सोय या घरांत केलेली होती. सेक्टर २२ हा आधी वसलेल्या सेक्टरांपैकी. तिथल्या गल्ल्यांतून हिंडताना वाढवलेल्या खोल्या, झाकलेली अंगणं आणि कूलर यांच्या मधूनच ती मूळ जाळी डोकं वर काढते.

ऑफिसं उभी राहिली तशा खुर्च्याही लागल्या. पिएरनं त्या यूली चौधरी आणि इतर भारतीय सहकाऱ्यांच्या साथीनं घडवल्या. जाड सागवान, बसायला वेताचं विणकाम, दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखे पाय आणि त्यांवर टेकलेला सपाट हात. निरनिराळ्या सुतारांकडून बनवून घेतल्यामुळे मापं किंचित इकडची तिकडं. पाठीमागं पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर. पुढं लोखंडी आणि फोमच्या खुर्च्या आल्या, तेव्हा या सागवानी खुर्च्या गच्चीवर ढीग होऊन पडल्या, भंगारात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी लिलावात मातीमोल घेतल्या, पॉलिश केल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कला लाखो रुपयांना विकल्या. पांढरा नंबर असेल तर भाव जास्त! शहराचा नकाशा कोरलेली गटाराची झाकणंही याच वाटेनं गेली. केंद्रीय गृहखात्यानं २०११ मध्ये विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. पण आपला पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंनाच लागू होतो, आणि या खुर्च्या अजून सत्तरीतल्या. कायदा बदलायला हवा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

एक मराठी धागाही सांगून टाकतो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी तरुणपणी पॅरिसला कॉर्बुझिएच्या ऑफिसात होते आणि चंदीगडच्या इमारतींच्या रेखाटनांवर त्यांनी काम केलं. वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले (२०१८ साली) ते पहिले भारतीय.

पिएर आजारी पडून जिनिव्हाला परतला आणि १९६७ च्या डिसेंबरात गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी पुतणीनं इथं आणून सुखना तलावात सोडल्या. कॉर्बुझिएचं नाव शहरभर आहे. राहण्याजोगं शहर घडवलं ते मात्र पिएरनं आणि त्याच्या हाताखालच्या भारतीय मुलामुलींनी.

तेव्हा जाल तर सिमल्याची गाडी एक दिवस पुढं ढकला. कॅपिटॉलची टूर ओळखपत्र दाखवून करता येते, ती करा. मग सेक्टर ५ मधलं घर क्रमांक ५ गाठा. वीट आणि नदीतले गोटे वापरून बांधलेल्या या घरात पिएर राहायचा. आता तिथं संग्रहालय आहे आणि सुखना तलाव तिथून जवळच आहे.