पित्ताशयाला नळी, रक्तस्रावाकडे दुर्लक्ष नको

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांत वृद्ध आई-वडील गावी, तर मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असतात. अशा ज्येष्ठांच्या पित्ताशयाला तीव्र सूज आली आणि हृदयविकारासारख्या आजारामुळे तातडीची शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर पित्ताशयात नळी बसवून साचलेले पित्त व पू बाहेर काढला जातो. सोनोग्राफीच्या साह्याने, तेवढीच जागा बधिर करून, त्वचेतून आणि बहुधा यकृतातून ही नळी आत नेतात. प्रकृती सुधारली, की रुग्ण नळी व पिशवीसह घरी परततो. खरी दक्षता येथून पुढे घ्यावी लागते.

सुई आत जाताना एखाद्या रोहिणीला इजा झाल्यास तेथे फुगवटा निर्माण होऊ शकतो. काही दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनी तो फुटून रक्त पित्तमार्गात उतरते. ही गुंतागुंत दुर्मिळ असली, तरी जिवावर बेतू शकते. पोटात कळा, कावीळ आणि रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, ही पित्तमार्गातील रक्तस्रावाची तीन लक्षणे जर्मन वैद्य क्विंके यांनी १८७१ मध्ये नोंदविली होती. मात्र, तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. पिशवीत लाल रक्त येणे, चक्कर किंवा घाम येणे, हीदेखील धोक्याची सूचना आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो; पण ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘मूळव्याध असेल’ असा तर्क घरीच करू नये.

सीटी अँजिओग्राफीने रक्तस्रावाची जागा कळते. त्यानंतर मांडीतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन, धातूची कॉइल सोडून ती जागा बंद करता येते. ही सोय सहसा मोठ्या शहरांतच असते आणि जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे. त्यामुळे लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नळी स्वतः ओढू नये आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

नेदरलँड्समधील १४२ जोखमीच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नळी बसविलेल्या ६५ टक्के, तर दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या १२ टक्के रुग्णांमध्ये मोठी गुंतागुंत आढळली. अत्यवस्थ रुग्ण त्यात नव्हते. म्हणूनच नळी बसविण्यापूर्वी ‘शस्त्रक्रिया खरोखरच शक्य नाही का’, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.