तापतो पंप, दोष दुसऱ्याचा

जुन्या मोटारींच्या जगात एक समज घट्ट रुजला आहे : पॉवर स्टीअरिंगचा पंप तापला, की तो बाद झाला. या समजापायी माझ्या एका स्नेह्याने साठच्या दशकातील आपल्या अमेरिकन गाडीचा पंप दोनदा बदलला. नवा पंपही तासाभरात चटके देऊ लागला. तेव्हा प्रश्न बदलावा लागला. पंप कसा आहे, हे बाजूला ठेवून उष्णता येते कुठून, हे शोधायला हवे होते.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे स्टीअरिंग विकसित केले. सर्वसामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या मोटारीत ते प्रथम आले १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. रचना साधी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल ढकलतो. चाक वळवले, की स्टीअरिंग बॉक्समधला व्हॉल्व्ह ते तेल पिस्टनच्या एका बाजूला सोडतो. गाडी सरळ धावत असताना मात्र तेल फारशा अडथळ्याविना टाकीत परतते.

अडथळा आला, की दाब वाढतो आणि ज्या दाबातून काम होत नाही, त्याची उष्णता होते. स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून धरले, तर दाब चौरस इंचाला १,००० पौंडांच्या आसपास जातो. मिनिटाला साडेसात लिटर तेल वाहते असे धरले, तर ही उष्णता सुमारे ८५० वॅट भरते, म्हणजे जवळपास एका इस्त्रीइतकी. यंत्रणेत तेल जेमतेम लिटरभर. ते गणिताने मिनिटाला ३० अंशांनी तापेल. म्हणूनच गाडी लावताना स्टीअरिंग टोकाला दाबून धरू नये.

तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. तेलाची पातळी पाहावी. तेलाला फेस असेल, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे. करपट वास म्हणजे तेल जळले आहे. पट्टा सैल असून घसरत असेल, तर पुलीच तापते. एक्झॉस्टजवळून जाणारी नळीही पाहावी.

खरा निवाडा प्रेशर गेजचा. तो पंप आणि बॉक्स यांच्या मधोमध, बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हसह जोडावा. तो व्हॉल्व्ह जास्तीत जास्त पाच सेकंद बंद करावा. दाब गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत पोहोचला, तर पंप धडधाकट आहे. मग व्हॉल्व्ह उघडून, चाके सरळ ठेवून दाब पाहावा. तो साधारण १५० पौंडांच्या आत हवा.

स्नेह्याच्या गाडीत पंप पूर्ण दाब देत होता; पण चाके सरळ असतानाही काटा २५० वर. म्हणजे तेलाला परतीची वाट मोकळी नव्हती. परतीच्या नळीचा आतला थर फुगला की असे होते; ती नळी स्वच्छ निघाली. उरला बॉक्सचा व्हॉल्व्ह. पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवली आणि कोणीही हात न लावता इंजिन सुरू केले. स्टीअरिंग आपोआप डावीकडे फिरू लागले! गाडी डावीकडे ओढते, ही तक्रार जुनीच होती. त्यासाठी अलाइनमेंटही झाले होते. या दोन तक्रारी एकाच दोषाच्या आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पूर्वी सील बदलताना बॉक्सच्या डोक्यावरचा व्हॉल्व्हचा ठोकळा केसभर सरकून बसला होता. बोल्ट सैल केले, हलकेच ठोकून तो मध्यावर आणला, पुन्हा आवळले. काटा ९० वर उतरला आणि गाडी सरळ धावू लागली. खर्च अर्ध्या दिवसाचा.

अशा वेळी तेलासाठी कूलर बसवण्याचा सल्ला मिळतो. त्याने पंप थंड राहिला असता, पण स्वतःहून वळू पाहणारे स्टीअरिंग तसेच राहिले असते. ताप उतरवण्यापूर्वी तो का आला हे विचारावे, हे वैद्यकातले शहाणपण गॅरेजमध्येही तितकेच खरे आहे.