नजर नकाशावर, हात कामावर

लाकूड तोडणारे चार-पाच व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, एकदम मारले जातात आणि खेळणाऱ्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं: ‘हे आले कुठून?’ गेमचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं की उत्तर मिळतं. शत्रूचे तीन घोडेस्वार बराच वेळ पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, म्हणजे मिनीमॅपवर, लाल ठिपक्यांच्या रूपात सरकत होते. ते लपले नव्हते, आपण त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ साली आला आणि २०१९च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ने त्याला नवं रूप दिलं. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारातल्या या खेळात पाळी नसते. तुम्ही विचार करत असता तेव्हाही शेती चालू असते, फौज घडत असते आणि समोरचाही हात बांधून बसलेला नसतो. एका वेळी इतकं सगळं सांभाळणाऱ्याचे हात विजेसारखे चालत असणार, असं नव्या खेळाडूला वाटतं. हातांचा वेग उपयोगी आहेच, पण तो नंतरचा भाग. आधी नजरेला फेरी घालण्याची शिस्त लागते, आणि ती कोणालाही लावून घेता येते.

डोळ्यांची मर्यादा

आपल्याला पूर्ण स्पष्ट दिसतो तो दृष्टीच्या मध्याचा फार छोटा भाग, साधारण दोन अंशांचा. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं तर ते जेवढं दिसतं, जवळपास तेवढा. बाकीचा पडदा आपल्याला अंधूकच दिसत असतो. त्यामुळे लढाईच्या मध्यावर डोळे रोखलेले असताना कोपऱ्यातल्या मिनीमॅपवरचा बारीक ठिपका आपोआप टिपला जाईल, ही अपेक्षाच चुकीची. तिथे डोळे न्यावेच लागतात.

लक्षाचंही तसंच. विचार करावा लागेल अशी दोन कामं मेंदू एकाच क्षणी करत नाही, तो या कामावरून त्या कामावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो. ज्याला आपण मल्टिटास्किंग म्हणतो ते खरं तर कामांना दिलेल्या पाळ्यांचं वेळापत्रक आहे. ते मनात तयार नसेल तर जे काम सर्वांत जास्त हलतं, चमकतं, आवाज करतं, तेच सगळं लक्ष ओढून घेतं. म्हणून तर लढाई पाहताना घरचा कारभार बंद पडतो.

पंचवीस सेकंदांचा ठेका

मग पाळ्या लावायच्या कशा? खेळातच एक तयार ठेका आहे. टाउन सेंटरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत, एक व्हिलेजर तयार व्हायला खेळाच्या घड्याळात २५ सेकंद लागतात. रँक्ड सामने १.७ पट वेगाने चालतात, म्हणजे आपल्या घड्याळात हे साधारण १५ सेकंद झाले. सुरुवातीच्या काळात टाउन सेंटर रिकामं बसू द्यायचं नसतंच. तेव्हा व्हिलेजरची ऑर्डर देणं हेच फेरी सुरू करण्याचं निमित्त धरावं.

गाडी चालवताना पाहिलंत, तर मुरलेला चालक काही घडण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने आरशात नजर टाकत असतो. मिनीमॅपकडे तसंच पाहायचं. ‘मधूनमधून नकाशा बघेन’ हा संकल्प दोन मिनिटंही टिकत नाही. ‘व्हिलेजरची ऑर्डर दिली की नकाशा बघेन’ हा मात्र टिकतो, कारण तो आधीच्या सवयीला बांधलेला आहे. तो अंगवळणी पडला की प्रत्येक घराला, प्रत्येक नव्या सैनिकालाही एकेक नजर जोडत जावी.

एक फेरी जवळून पाहू. खेळाच्या घड्याळात अकरा-बारा मिनिटं झाली आहेत, तुम्ही फ्यूडल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात आहात. हॉटकीने, म्हणजे ठरलेलं बटण दाबून, टाउन सेंटर निवडून व्हिलेजरची ऑर्डर दिली. नजर वर गेली: लोकसंख्या मर्यादेच्या जवळ आली आहे का? एका घराने पाच जणांची जागा होते, म्हणून मर्यादा गाठण्याआधीच एका व्हिलेजरला घर बांधायला लावलं. शिफ्ट दाबून त्याला पुढचं कामही देऊन ठेवलं, म्हणजे घर झाल्यावर तो उभा न राहता परत लाकडाकडे जाईल. मग नजर मिनीमॅपवर. तुमच्या लाकूडतोड्यांच्या दिशेने तीन लाल ठिपके येत आहेत. लढाई अजून सुरू झालेली नाही, पण काय करायचं ते आत्ताच ठरतं. बराकीतून भालाईत मागवले, कारण ते घोडदळाला भारी पडतात, आणि त्या बाजूचे व्हिलेजर टाउन सेंटरमध्ये शिरवले. आत शिरलेले व्हिलेजर टाउन सेंटरच्या बाणांची संख्याही वाढवतात. घोडेस्वार पोहोचतात तेव्हा त्यांच्या हाती काही लागत नाही. यात वेगवान क्लिक कुठेच नव्हते. पाच सेकंद आधी दिसलं, एवढाच फरक.

पाहण्यालायक नकाशा

नजर गेली तरी नकाशा वाचता यायला हवा. सेटिंगमध्ये मित्र-शत्रू रंगांचा पर्याय आहे: आपण निळे, सोबती पिवळे, शत्रू लाल. तो चालू केला की कोणता रंग कोणाचा हे आठवत बसावं लागत नाही. मिनीमॅपची फक्त सैन्य ठळक दाखवणारी पद्धतही आहे. झाडं, खाणी, मेंढ्या यांच्या गर्दीतून धोका वेगळा काढायला ती फार सोयीची.

दुसरं म्हणजे, जिथे आपला माणूस किंवा इमारत नाही तिथे धुकं असतं. एकदा पाहिलेल्या पण आता नजरेबाहेर असलेल्या भागात जुन्या इमारती दिसतात, हलणारी फौज मात्र दिसत नाही. म्हणून टेहळणी करणाऱ्या घोडेस्वाराला, म्हणजे स्काउटला, गावात उभा करून ठेवू नये. शत्रूच्या येण्याच्या वाटेवर एखादं घर किंवा आउटपोस्ट हा स्वस्त टेहळणी मनोरा बांधला तरी तो चोवीस तासांचा पहारेकरी होतो. ठिपका दिसायचा असेल, तर तो दाखवणारं कोणी तिथे असावं लागतं.

तिसरी गोष्ट दिसलेल्याचा अर्थ लावण्याची. परिस्थितीच्या भानावर संशोधन करणाऱ्या मिका एंड्सली यांनी १९९५ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: घटक दिसणं, त्यांचा अर्थ लागणं आणि पुढे काय होईल याचा अंदाज येणं. बहुतेक खेळाडू पहिल्या पायरीवर थांबतात. स्काउटने शत्रूकडे सोन्यावर बरेच व्हिलेजर पाहिले, तर तिरंदाजांची शक्यता मोठी, कारण तिरंदाजाला सोनं लागतं. सोनं जवळपास नाही आणि सगळा भर अन्नावर असेल, तर घोडदळ. बराच वेळ शत्रूचा एकही सैनिक दिसला नाही, तर तीही बातमीच. एक तर तो पुढच्या युगाकडे धावतो आहे, नाही तर आपल्या धुक्यात कुठेतरी जमला आहे.

कामं कमी करा

पाळ्या लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे कामांची संख्या कमी करणं. टाउन सेंटरचा गॅदर पॉइंट, म्हणजे नव्या व्हिलेजरने जायची जागा, झाडावर ठेवला की नवा व्हिलेजर थेट लाकडाला लागतो. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये शेतं आपोआप पुन्हा पेरली जाण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. फौजेला कंट्रोल ग्रुपचा आकडा द्या, म्हणजे ती शोधायला पडदा सरकवावा लागणार नाही. रिकामा बसलेला व्हिलेजर शोधायला एक हॉटकी आहे, तीही फेरीत घ्या.

लढाईच्या वेळी आणखी एक निर्णय लागतो: कोणती लढाई पाहायची नाही. दोन ठिकाणी झटापट चालू असेल तर जिथे आपल्या हस्तक्षेपाने निकाल बदलेल तिथे थांबावं. भाले विरुद्ध घोडे ही झुंज सोडून दिली तरी बहुधा निभावते. तिरंदाजांना मागे ओढून वाचवायचं असेल, तर मात्र नजर तिथेच हवी. आणि तिथेही दोन-तीन हुकूम देऊन टाउन सेंटरकडे फेरी मारून यायचं.

सराव

सगळ्या सवयी एकदम लावायला गेलं की एकही लागत नाही. आधी कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना फक्त टाउन सेंटर न थांबवण्याचा सराव करावा. तो विनासायास जमू लागला की मिनीमॅपची नजर, मग घरांचा अंदाज, मग लढाईतून परतणं. सुरुवातीला एक-दोन सामने जास्त हराल, कारण लक्ष नव्या सवयीकडे असेल. तेवढी किंमत द्यावी.

प्रगती मोजायला हार-जीत हे माप कच्चं आहे, समोरचा कसा खेळला यावर ते अवलंबून असतं. त्याऐवजी सामन्यानंतर रेकॉर्डिंग उघडून प्रत्येक हल्ल्याला एकच प्रश्न विचारावा: मी पहिला हुकूम कधी दिला, ठिपका नकाशावर आल्यावर की हल्ल्याची सूचना वाजल्यावर? सूचना वाजली म्हणजे नुकसान सुरू झालेलं असतं. सामन्यागणिक सूचनेआधीचे हुकूम वाढत गेले, तर निकाल काहीही लागो, तुमचा खेळ सुधारतो आहे हे पक्कं समजावं.