घासला नाही, तरी बाद!

अमेरिकेत कोलोराडो राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. मोटारीमागे जोडून न्यायची, दोन चाकांवरची ही छोटीशी खोलीच म्हणा ना! आत झोपण्याची जागा, शेगडी, पाण्याची टाकी. त्याने मला टायरचे छायाचित्र पाठवून विचारले, "मामा, नक्षी अगदी नव्यासारखी आहे. मग टायर बदलायचे कशाला?"

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही काय उत्तर दिले असते?

मी त्याला टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले. ते होते २३१३. म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा! दहा वर्षे केव्हाच उलटलेली. मोटारीचा टायर धावून झिजतो. ट्रेलरचा बहुधा उभ्या उभ्या म्हातारा होतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला सूक्ष्म चिरा पाडतात. म्हणून रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ घालतात. टायर फिरताना दबतो, सुटतो आणि हे पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. वर्षातले दहा महिने अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरला हे मालीश कोण करणार?

तेव्हा नवे टायर घेणे आलेच. पण कोणते? जुन्यावर लिहिले होते 'एसटी १७५/८०आर१३'. ही आपली लाल गाडी नव्हे. एसटी म्हणजे 'स्पेशल ट्रेलर'. रुंदी १७५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १४० मिलिमीटर आणि आतली रिम १३ इंची. 'आर' म्हणजे रेडियल. या मापात 'बी' श्रेणीचा टायर ३५ पौंड दाबाला सुमारे ४९९ किलो भार पेलतो, तर 'सी' श्रेणीचा ५० पौंडाला सुमारे ६१७ किलो.

सामानसुमान भरल्यावर ट्रेलरचे वजन १००० किलो. त्यातले १०० किलो मोटारीच्या जोडावर, उरलेले ९०० दोन चाकांवर. प्रत्येकी ४५०. भाचा म्हणाला, "मग स्वस्तातला 'बी' पुरे की!"

इथेच सरासरीने त्याला फसवले असते. पाण्याची टाकी आणि शेगडी दोन्ही डाव्या बाजूला. मी त्याला एकेक चाक वजनकाट्यावर चढवायला लावले. उजवे भरले ३९० किलो आणि डावे ५१०! 'बी' टायर डाव्या बाजूला नापास. 'सी' घ्यायचा ठरला. मात्र रिम आणि व्हॉल्व्ह ५० पौंड दाब सोसणारे आहेत ना, हे आधी पाहून.

आता हवेचे महत्त्व पाहा. ५० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो. ५१० ला ३.५ ने भागा. उत्तर सुमारे १४६ चौ. सें.मी., आपल्या पोस्टकार्डाहून थोडे मोठे. डाव्या चाकाचा सगळा भार एवढ्याशा जागेवर! दाब निम्मा केला तर ही जागा दुपटीच्या आसपास जाते, म्हणजे टायर तितका अधिक चेपतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला तेरा फेरे घेते. कडेचा प्रत्येक भाग तासाभरात सुमारे ४७ हजार वेळा वाकतो. रबर वाकवायला दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन आतच राहते. (लोखंडी तार पुन्हापुन्हा वाकवून बोट लावून पाहा.) तापता तापता आतले थर सुटू लागतात आणि भर रस्त्यात टायर फाटतो. बाहेरची नक्षी तेव्हाही नवीकोरी असते!

भाच्याचे दुसरे पत्र प्रवासातून आले. सकाळी २० अंश सेल्सियसला ५० पौंड हवा भरली होती, दुपारी मापकात ५६ दिसले. जादा हवा काढू का?

मुळीच नको! दाब थंड टायरचाच मोजायचा. तापलेल्या टायरची हवा काढली, तर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि चेपण्याचे चक्र पुन्हा सुरू होते. आतली हवा किती तापली असेल, हे गणित तुमच्यासाठी. मापकातल्या आकड्यांत वातावरणाचे १४.७ पौंड मिळवायला आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला विसरू नका. माझे उत्तर ४७ अंशांच्या आसपास आले.