भिलाई : अनोळखी प्रवासी आणि सार्वजनिक वाहतूक

एखाद्या शहराची सार्वजनिक वाहतूक तेथे प्रथमच आलेल्या माणसाला कितपत उपयोगी पडते, हा तिच्या मूल्यमापनाचा महत्त्वाचा निकष आहे. रोजच्या प्रवाशाला मार्ग, थांबे व भाडे सवयीने ठाऊक असतात. पर्यटकाला ते कोणीतरी सांगावे लागतात. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कामगारांसाठी क्रमांकित सेक्टरांची सुनियोजित वसाहत आखण्यात आली.

मुंबई-हावडा लोहमार्ग हा या परिसराचा कणा होय. नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगावमार्गे आलेली गाडी प्रथम दुर्ग जंक्शन गाठते. पुढे रायपूरच्या दिशेने भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस आणि भिलाई ही स्थानके लागतात. नवख्याची पहिली फसगत येथेच होते. केवळ ‘भिलाई’ नावाचे स्थानक चरोदा भागात आहे. पोलाद वसाहतीसाठी आधीची दोन स्थानके सोयीची. लांब पल्ल्याची गाडी तेथे थांबत नसल्यास दुर्गला उतरून रायपूरकडे जाणारी स्थानिक गाडी घेणे इष्ट.

खरा प्रश्न स्थानकाबाहेर उभा राहतो. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक असलेले आणि पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध असलेले मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालय मरोदा सेक्टरमध्ये आहे. रिक्षाचालकाला अंतर व प्रचलित भाडे माहीत असते, पाहुण्याला नसते. अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. दर व मार्ग दाखविणारा फलक एकदा लावला की तो वाचणाऱ्या प्रत्येक नव्या माणसामागे वेगळा खर्च येत नाही. परंतु असा फलक लावण्यात एकट्या चालकाचा लाभ नसतो; म्हणून ती जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेचीच ठरते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये दहा हजार विद्युत बसगाड्यांसाठी पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. तिच्या ५७,६१३ कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चात केंद्राचा वाटा २०,००० कोटींचा आहे. दुर्ग-भिलाईचाही या योजनेत समावेश आहे. मात्र केवळ बसगाड्यांनी हेतू साध्य होणार नाही. मार्ग, भाडे आणि शेवटच्या गाडीची वेळ स्थानकाच्या दारातच कळली पाहिजे.

याचा लाभ पर्यटकापुरता मर्यादित नाही. सेक्टर ९ मधील रुग्णालयात प्रथमच येणारा रुग्ण किंवा परीक्षेसाठी आलेला खेड्यातील विद्यार्थी हेदेखील शहराला अनोळखीच असतात. त्यांच्यासाठी चुकलेली बस ही केवळ गैरसोय नसते.