गिऱ्हाइकाचा नंबर कोणाच्या वहीत?

आज बोलू या उद्योगातल्या मार्गदर्शकाबद्दल. हा माणूस कशासाठी हवा, आणि तो खरा आहे हे ओळखायचं कसं?

व्यापाऱ्याच्या घरातलं पोर दुकानात बसून शिकतं. भाव कसा धरायचा, उधारी किती द्यायची, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्या आदिवासी घरांत मात्र दुकानात बसलेलं कोणी नसतं. रानातलं सगळं माहीत, पण बाजारातली ओळख नाही. ती ओळख मार्गदर्शकाकडून मिळू शकते.

आमचंच सांगतो. आमच्या गटाच्या बाया नागलीचे पापड करून १२० रुपये किलोने विकत होत्या. सामानाला ८० जायचे. किलोमागे ४० सुटतात, म्हणून आम्ही खूश! तालुक्याला किराण्याचा घाऊक धंदा केलेले एक काका आहेत. त्यांनी आमची वही पाहिली आणि विचारलं, "ताई, यात तुमची मजुरी कुठे लिहिली?"

मग हिशेब मांडला. दहा किलोला चार बायांचा एक दिवस जातो. सुटलेले ४००. त्यातून पिशव्या आणि गाडीभाडं १२०. उरले २८०, म्हणजे एकीला ७० रुपये. रोजगार हमीवरसुद्धा याहून कितीतरी जास्त मिळतात!

काकांनी पैसे दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. त्यांनी आम्हाला दोन दुकानदारांकडे नेलं. एकाने अन्न नोंदणीचा नंबर नाही म्हणून परत पाठवलं. तो नंबर काढला. दुसऱ्याने माल घेतला, पण ओल धरलेली पाकिटं परत केली. मग जाड पिशवी घेतली. आता भाव २०० आहे. पिशव्या-भाडं २०० धरूनही एकीला २५० पडतात. अजून पुरेसे नाहीत, पण कुठे कमी पडतं ते कळतंय.

मोठं उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचं. तिथले कातकरी तरुण गुळवेल गोळा करून, वाळवून स्थानिक बाजारात विकायचे. कातकरी म्हणजे कधीकाळी कात पाडणारा समाज, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठी राबलेला. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेतून त्यांना ट्रायफेड या सरकारी संस्थेची साथ मिळाली. या योजनेत साधारण १५ गट, म्हणजे ३०० जणांचं एक केंद्र होतं. पुढे औषध कंपन्यांकडून त्यांच्याकडे शेकडो टन गुळवेलीची मागणी आली. वेल तीच, रानही तेच. फक्त घेणाऱ्यापर्यंतची वाट उघडली, आणि तेवढा माल पुरवायला माणसं एकत्र आली.

पण सावध राहा. काकांच्या आधी एक जण आमच्याकडे आला होता. "विक्रीचं माझ्यावर सोडा," म्हणाला. माल उधारीवर नेला. कोणाला विकला, किती भावाने, काही सांगितलं नाही. पैसे पाच महिन्यांनी आले, तेही तुटके. चूक आमचीही होती. आम्ही कागद केला नव्हता.

तेव्हापासून आम्ही एक खूण धरली आहे. जो गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या वहीत लिहून देतो, तो मार्गदर्शक. जो तो लपवतो, तो दलाल. दलालाशीही व्यवहार करता येतो, पण मग भाव आणि पैशांची तारीख लिहून घ्यायची. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कधीच नाही.

मार्गदर्शकाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मालाचा नमुना, खर्चाची वही आणि महिन्याला किती माल देऊ शकतो तो आकडा सोबत ठेवा. आकडा खरा सांगा. पहिल्याच खेपेला माल कमी पडला, तर आपल्याबरोबर त्यांचाही शब्द जातो. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आणि दुकानात एकटीने नाही, दोघी-तिघींनी जा. एक बोलेल, एक लिहील. पुढच्या वेळी लिहिणारीने बोलायचं, म्हणजे सगळ्याच तयार होतील.

येत्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी ठेवा. तालुक्यात धंदा कळणारं, आपलं ऐकून घेणारं कोण आहे? निवृत्त दुकानदार, गिरणीवाली मावशी, बँकेतली ताई. नावं लिहा, आणि त्यातल्या एकाकडे या महिन्यात जाऊन या. आमच्या वहीत तुमच्यासाठीही दोन दुकानदारांचे नंबर आहेत. ते आम्ही लपवणार नाही.